गेमिंग लॅपटॉपमध्ये एसएसडी टाकायचीय? आधी लॅपटॉप उघडा, मग दुकानात जावा

मागच्या महिन्यात मावसभावाचा फोन आला, "दादा, सी ड्राइव्ह लाल झालाय, काय उडवू सांग." कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला कॉलेज, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, मावशीनं भिशीचे पैसे घालून त्याला गेमिंग लॅपटॉप घेऊन दिलाय आणि त्यात एकच ५१२ जीबीची एसएसडी (फाइली साठवायची चिपवाली ड्राइव्ह). आता ५१२ म्हणजे विंडोजमध्ये दिसतात ४७६, कारण कंपनी हजाराच्या हिशोबानं मोजती आणि विंडोज १०२४ च्या. त्यात विंडोज स्वतः, कॉलेजची डिझाइनची सॉफ्टवेअरं, आणि मग गेम. रेड डेड रिडेम्प्शन २ ला १५० जीबी जागा लागती, बाल्डर्स गेट ३ ला पण १५०, दोनच गेम टाकले की तीनशे गेले, मग राहतंय काय?

उपाय त्यानं स्वतःच ठरवलेला. कुठल्यातरी सेलमध्ये सेकंदाला ७००० एमबीवाली एसएसडी बघून ठेवलेली, वर चकचकीत जाड हीटसिंक (उष्णता काढणारा धातूचा पत्रा), ऑर्डरचं बटण दाबायचं तेवढं बाकी. मी म्हटलं, "थांब मर्दा. तुझ्या लॅपटॉपला स्लॉट किती? लांबी किती बसती? त्या हीटसिंकला आत उंची हाय काय?" तिकडनं काहीच उत्तर नाही. "रविवारी लॅपटॉप घेऊन बावड्याला ये, आधी उघडून बघू, ऑर्डर नंतर कर."

बरं झालं थांबला, कारण ती हीटसिंकवाली ड्राइव्ह त्याच्या लॅपटॉपच्या झाकणाखाली बसलीच नसती. आणि हे त्याच्या एकट्याचं नाही, जवळजवळ सगळे असंच करतात, आधी एसएसडी घेतात आणि मग लॅपटॉप उघडतात. मला हा क्रम उलटा पाहिजे. काय घ्यायचं हे लॅपटॉपचं पोट सांगतंय, बॉक्सवरचा आकडा नाही. म्हणून खाली सगळं त्याच क्रमानं लिहितोय.

एसएसडीनं काय होतंय, काय होत नाही

एफपीएस (गेम सेकंदाला किती चित्रं दाखवतो तो आकडा) वाढत नाहीत. हे पहिल्यांदा सांगतो कारण निम्मे लोक त्याच आशेवर पैसे घालतात. एफपीएस हा ग्राफिक कार्ड आणि प्रोसेसरचा विषय. एसएसडीनं लोडिंग कमी होतंय, मोठ्या मॅपमध्ये पळताना समोरचं घर-झाड उशिरा दिसायचं थांबतंय, विंडोज पटकन चालू होतंय, आणि जागा मिळती.

स्पीडचे आकडे असे धरा: साटा (जुन्या, हळू जोडणीची) एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास, एनव्हीएमई म्हणजे नव्या, वेगवान जोडणीच्या ड्राइव्हमध्ये जेन ३ (जेन म्हणजे पिढी) साधारण ३५००, जेन ४ साधारण ७०००, आणि जेन ५ चौदा हजाराच्या घरात. ऐकायला लई भारी वाटतंय, पण हे सगळे आकडे एकच मोठी फाइल सलग वाचतानाचे आहेत, गेम काय तसं वाचत नाही, तो हजार ठिकाणचे बारीक बारीक तुकडे उचलतो. त्यामुळं जुन्या फिरणाऱ्या हार्ड डिस्कवरनं एसएसडीवर आलात तर जमीन-अस्मानाचा फरक, साटावरनं एनव्हीएमईवर आलात तर थोडा, आणि जेन ३ वरनं जेन ४ वर गेलात तर बहुतेक गेममध्ये लोडिंगला एखाद-दुसरा सेकंद. तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे घालायचे का ते तुम्ही ठरवा, मी तरी तेच पैसे जास्त जीबीला घालीन.

न उघडता जेवढं कळतंय तेवढं आधी काढा

लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवर मॉडेलचा पूर्ण नंबर असतो, नुसतं मार्केटिंगचं नाव नाही तर मागचा सगळा आकडे-अक्षरांचा शेपूट घ्या. एकाच नावाखाली कंपन्या चार-पाच प्रकार विकतात आणि एकाला दोन स्लॉट तर दुसऱ्याला एकच असं सर्रास असतंय, त्यामुळं मित्राचा सेम लॅपटॉप म्हणून त्याच्यावरनं अंदाज धरू नका. डेल आणि एचपीचं सर्व्हिस मॅन्युअल साइटवर फुकट मिळतंय, लिनोव्होचं पीएसआरईएफ म्हणून पान आहे तिथं स्लॉट किती आणि कुठल्या लांबीचे हे लिहिलेलं असतंय. बाकी कंपन्यांचं नाही मिळालं तर सपोर्टच्या चॅटवर मॉडेल नंबर टाकून विचारा आणि तिथंच हेही विचारून घ्या की मी स्वतः झाकण उघडलं तर वॉरंटीला काय होतंय. उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका. त्यात ट्रान्सफर मोड म्हणून एक ओळ असती, तिथं दोन गोष्टी दिसतात, डावीकडं ड्राइव्ह सध्या किती जेनवर चालतीय ते आणि उजवीकडं ड्राइव्हची स्वतःची ताकद किती ते. डावीकडं ३.० आणि उजवीकडं ४.० दिसलं तर समजायचं की त्या स्लॉटची मर्यादा जेन ३ आहे. जेन ४ ची ड्राइव्ह जेन ३ च्या स्लॉटला बिनधास्त चालती, फक्त जेन ३ च्या स्पीडनं, नुकसान कशाचंच नाही.

आता उघडा

स्क्रीनवर शटडाउन करताना शिफ्ट दाबून धरा म्हणजे विंडोज अर्धवट झोपत नाही, पूर्ण बंद होतंय. चार्जर काढा, माउस, पेनड्राइव्ह सगळं काढा. चांगल्या टोकाचा स्टार स्क्रूड्रायव्हर घ्या, घरातला गुळगुळीत झालेला नको, त्यानं स्क्रूचं डोकं एकदा खराब झालं की मग दुकानात जाऊन ड्रिल करायची वेळ येती.

आम्ही काय केलं सांगतो. टेबलावर पांढरा टॉवेल अंथरला, शेजारी वहीचा कोरा कागद ठेवला आणि त्यावर लॅपटॉपच्या पाठीचा चौकोन काढला. एकेक स्क्रू काढला की कागदावर जिथल्या तिथं सेलोटेपनं चिकटवायचा. त्याच्या लॅपटॉपला दहा स्क्रू निघाले, पुढचे तीन आखूड, मागचे सगळे लांब, आणि मधला एक निघतच नव्हता, नुसता फिरत होता. तो तसाच असतो, काही कंपन्या एक स्क्रू झाकणातच अडकवून ठेवतात, तो सैल झाला की तिथनंच झाकण थोडं वर उचलतंय. कागदाचं महत्त्व बंद करताना कळतंय, कारण लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला तर तो वर कीबोर्डच्या बाजूला टोचतो, वरनं फुगवटा दिसतो नायतर आतलं काहीतरी दाबलं जातंय.

झाकण स्क्रूशिवाय आतल्या खटक्यांवर पण बसलेलं असतंय. जुनं प्लास्टिकचं कार्ड सांध्यात घालायचं आणि हळूहळू फिरवत न्यायचं, टक टक आवाज येतो, त्याला घाबरू नका, खटके सुटल्याचा आवाज आहे तो. कुठल्या कोपऱ्यातनं सुरू करायचं हे मॉडेलप्रमाणं बदलतंय, त्या मॉडेलचा उघडण्याचा व्हिडिओ आधी पूर्ण बघा, मधे थांबवत थांबवत नाही. सुरी, पेचकस, चमचा असलं लोखंडाचं काही घालू नका.

उघडल्या उघडल्या पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढायचं. वायरी धरून ओढायचं नाही, प्लगलाच दोन्ही बाजूनं नखानं ढकलत मागं घ्यायचं. मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं म्हणजे उरलासुरला करंट जातो. आणि कशाला हात लावायच्या आधी नळ किंवा खिडकीचा लोखंडी गज, जिथं रंग नाही तिथं हात लावून यायचं. आपल्याकडं पावसाळ्यात हवा ओली असती तेव्हा स्टॅटिकचा त्रास कमी, पण जानेवारीत कोरड्या हवेत स्वेटर घालून बसलात तर एका ठिणगीत काम तमाम होऊ शकतंय.

आत बघायचं ते हे. एक, रिकामा स्लॉट आहे काय. दोन, त्याच्यासमोर स्क्रू बसायची उंच गोल खुंटी किती अंतरावर आहे. एम डॉट टू (ह्या चपट्या पट्टीसारख्या आकाराचं नाव) ड्राइव्हचे नंबर लांबी-रुंदीवरनं पडलेत, २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब, २२४२ म्हणजे ४२ लांब, २२३० म्हणजे ३०. बोर्डवर बऱ्याचदा छापलेलं पण असतंय, नसलं तर पट्टी लावा. तीन, वर झाकणापर्यंत उंची किती. आणि चार, स्लॉटमध्ये खाच कुठं आहे. एनव्हीएमई ड्राइव्हला सहसा एकच खाच असती, त्याला एम की म्हणतात, आणि एम डॉट टूमधल्याच साटा ड्राइव्हला सहसा दोन खाचा. दिसायला दोन्ही सारख्याच पट्ट्या, आणि साटावाली एनव्हीएमईच्या स्लॉटला बसती पण, पण स्लॉटला साटा चालत नसेल तर लॅपटॉपला ती दिसतच नाही. नवीन गेमिंग लॅपटॉपमध्ये बहुतेक फक्त एनव्हीएमईच चालती.

भावाच्या लॅपटॉपला पहिल्या स्लॉटला ४२ मिलिमीटरची छोटी ड्राइव्ह होती आणि बॅटरीच्या शेजारी दुसरा स्लॉट अख्खा रिकामा, ८० च्या खुंटीसकट. पोरगं एवढं खूश झालं, कारण आता विंडोजला हातच लावायचा नव्हता. पण खुंटीवर स्क्रू नव्हता. हे लई ठिकाणी असतंय, रिकाम्या स्लॉटचा स्क्रू कंपनी देत नाही आणि एसएसडीच्या बॉक्समध्ये पण बऱ्याचदा नसतो. फोटो काढले, बॅटरी जोडली, झाकण लावलं आणि मग खरेदीला गेलो.

काय घ्यायचं

आता निवड सोपी झाली, कारण लांबी, जेन आणि उंची आपल्याला माहिती आहे. जागा आणि बजेट दोन्ही बघून गेमिंगला आजच्या दिवसाला १ टीबी कमीत कमी, जमत असेल तर २. १ टीबी विंडोजमध्ये ९३१ दिसणार, दुकानदाराशी भांडू नका.

टीएलसी का क्यूएलसी हा माझ्या मते स्पीडच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न. ड्राइव्हच्या चिपमध्ये अब्जावधी कप्पे असतात, टीएलसीच्या एका कप्प्यात तीन बिट भरतात, क्यूएलसीच्या चार. चार भरले की ड्राइव्ह स्वस्त पडती, पण लिहायला हळू आणि झीज लवकर. रोजच्या वापरात हे दिसत नाही, कारण ड्राइव्ह थोडा भाग एक-बिटवाला म्हणून वापरून पटपट लिहून घेती, पण शंभर जीबीचा गेम एका ड्राइव्हवरनं दुसऱ्यावर हलवायला घ्या, तो पटपटचा भाग भरला की क्यूएलसीचा स्पीड धाडकन पडतो, कधीकधी जुन्या हार्ड डिस्कच्या बरोबरीला. ड्राइव्ह जेवढी भरलेली तेवढं हे लवकर होतंय. नुसते गेम साठवून खेळायचे असतील आणि पैशाची खरंच ओढ असेल तर क्यूएलसी चालती, विंडोज ज्याच्यावर टाकायचं ती ड्राइव्ह मात्र टीएलसीच घ्या.

झिजेचा आकडा टीबीडब्ल्यू म्हणून लिहितात, म्हणजे एवढे टीबी लिहून होईपर्यंत वॉरंटी. डब्ल्यूडीची एसएन७७० किंवा सॅमसंगची ९९० प्रो, यांच्या १ टीबीला ६०० टीबीडब्ल्यू आणि पाच वर्षं. क्रुशियलची पी३ प्लस क्यूएलसी आहे, तिच्या १ टीबीला २२०. आता हिशोब करा, ६०० टीबी पाच वर्षांत म्हणजे रोज सव्वातीनशे जीबी, २२० म्हणजे रोज १२० जीबी. रोज एवढं कोण लिहितंय? म्हणून झिजेच्या भीतीनं महाग घेऊ नका, घ्यायची असेल तर लिहिण्याच्या स्पीडसाठी आणि वॉरंटीच्या वर्षांसाठी घ्या.

डीरॅम (ड्राइव्हची स्वतःची छोटी रॅम) असली तर बरं, पण नसली म्हणून सोडून देऊ नका. आताच्या बिनडीरॅमच्या एनव्हीएमई ड्राइव्ह लॅपटॉपच्या रॅममधली थोडी जागा उसनी घेतात आणि गेमिंगला त्यानं फरक जाणवत नाही. वर लिहिलेली एसएन७७० बिनडीरॅमचीच आहे.

लॅपटॉपसाठी दोन गोष्टी मात्र बघाच. चिप एकाच बाजूला असलेली ड्राइव्ह घ्या, दोन्ही बाजूला असल्या की जाडी वाढती आणि खाली बोर्डला टेकती. आणि हीटसिंक नसलेली घ्या. जेन ५ च्या नादाला सध्या लॅपटॉपमध्ये लागू नका, करंट जास्त खाती, तापती जास्त, आणि तुमच्या स्लॉटला जेन ४ च असेल तर तो जास्तीचा पैसा वायाच.

ऑनलाइन घ्या नायतर राजारामपुरी-शाहूपुरीत दुकानात घ्या, बॉक्स सीलबंद पाहिजे आणि जीएसटी बिलावर सीरियल नंबर लिहून पाहिजे. हे मी शिकलो ते पैसे घालवून. दोन-तीन वर्षांमागं एका दुकानातनं बॉक्सशिवाय नुसत्या चंदेरी पिशवीतली ड्राइव्ह स्वस्तात घेतली, चांगल्या कंपनीची होती, खोटी नव्हती, सात महिन्यात बंद पडली. कंपनीच्या साइटवर सीरियल टाकला तर ती लॅपटॉप बनवणाऱ्यांना ठोकमध्ये दिलेल्यांपैकी निघाली, गिऱ्हाइकाला तिची वॉरंटीच नाही. दुकानदारानं हात वर केले, बिल नव्हतं, बोलणार काय? तेव्हापासनं दुकानातच उभं राहून मोबाइलवर कंपनीच्या साइटवर सीरियल तपासतो आणि मगच पैसे देतो.

तो स्क्रू पण त्याच फेरीत घेतला. २ मिलिमीटर जाडीचा, ३ मिलिमीटर लांबीचा, चपट्या डोक्याचा, लॅपटॉप रिपेअरिंगवाल्याकडं डबीभर असतात, दहा रुपयात दोन दिले.

बसवायच्या आधी दोन कामं, ही टाळू नका

पहिलं बॅकअप. जुनी तशीच ठेवून नुसती दुसरी ड्राइव्ह वाढवणार असलात तरी घ्या, हात स्लॉटच्या शेजारीच जाणार आहे.

दुसरं बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. नवीन विंडोज ११ च्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की डिस्क आपोआप लॉक होती, तुम्हाला कोणी विचारत पण नाही. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारं लॅपटॉपचं सेटिंग) काही बदललं किंवा ड्राइव्ह हलवली की निळा स्क्रीन येतो आणि ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतो. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये डिव्हाइसच्या पानावर असती. आधीच कागदावर लिहून घ्या, आणि कामापुरतं बिटलॉकर सस्पेंड करा. ती की नसेल तर डेटा कोणी काढून देऊ शकत नाही, कितीही पैसे दिलेत तरी.

बसवणं

परत तीच पद्धत, शिफ्ट धरून बंद, झाकण, बॅटरीचा कनेक्टर. ड्राइव्ह कडेनं धरा, सोनेरी दातांना बोट लावू नका. खाच स्लॉटच्या खुणेसमोर आणा आणि ड्राइव्ह तिरकी, साधारण ३० अंशात, आत सरकवा. पूर्ण गेली की सोनेरी दात जवळजवळ दिसत नाहीत आणि ड्राइव्ह हात सोडल्यावर तशीच तिरकी उभी राहती. इथंच लोक चुकतात, अर्धवट गेलेली ड्राइव्ह दाबून स्क्रू लावतात आणि मग दिसत नाही म्हणून परत करतात. मागचं टोक बोटानं खाली दाबा, स्क्रू लावा, बोटांच्या ताकदीनं लागेल तेवढाच, आवळून नाही.

भावानं स्वतः बसवली. पहिल्यांदा स्क्रू टोकावरनं सटकला आणि बॅटरीखाली गेला. लॅपटॉप हलवू नका अशा वेळी, स्क्रू बोर्डवर कुठं अडकला तर चालू केल्यावर शॉर्ट होतंय. टॉर्च मारून शोधला, मॅग्नेट टोकाच्या स्क्रूड्रायव्हरनं काढला, पाच मिनिटं गेली पण जीव थाऱ्यावर आला.

झाकणाला आतनं मऊ थर्मल पॅड असेल तर तो ड्राइव्हवर टेकतोय का बघा, नवीन पॅडवरचं पारदर्शक प्लास्टिक सोलून काढा. ड्राइव्हवरचं स्टिकर मात्र सोलू नका, वॉरंटी त्याच्यावर आहे.

विंडोजमध्ये

बॅटरी जोडून, झाकण लावून, चार्जर लावून चालू करा. आधी बायोसमध्ये जावा, बऱ्याच लॅपटॉपला एफ २, एचपीला एफ १०, तिथं नवीन ड्राइव्हचं नाव दिसलं की अर्धी लढाई जिंकली. विंडोजमध्ये धिस पीसीमध्ये ती दिसणार नाही, घाबरू नका, कोरी आहे ती. स्टार्टवर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट, ते स्वतःच इनिशियलाइझ करायला विचारतंय, जीपीटी निवडा. मग काळ्या पट्टीवर राइट क्लिक, न्यू सिंपल व्हॉल्यूम, एनटीएफएस, अलोकेशन साइझ डिफॉल्ट, क्विक फॉरमॅट, नाव काय पाहिजे ते. फॉरमॅट करताना डिस्कचा आकडा आणि साइझ दोनदा वाचा, चुकून जुनीवर क्लिक नको.

स्टीममध्ये सेटिंग्जमधल्या स्टोरेजवर जाऊन नवीन ड्राइव्ह जोडा, गेम निवडा आणि मूव्ह करा, परत डाउनलोड करायची गरज नाही. ज्याच्या घरी दीड जीबीचा डेली पॅक आहे त्याला विचारा ह्याची किंमत.

एकच स्लॉट असेल तर

तेव्हा जुनी काढून नवी घालायची, आणि दोन वाटा आहेत. क्लोन म्हणजे जुन्या ड्राइव्हची हुबेहूब नक्कल करायची असेल तर एनव्हीएमईचं एन्क्लोजर (ड्राइव्ह यूएसबीला जोडायची डबी) घ्या, साटाचं नाही, नवीन ड्राइव्ह त्यात घालून यूएसबीला लावा. सॅमसंगचं स्वतःचं सॉफ्टवेअर आहे, डब्ल्यूडी, क्रुशियल, किंग्स्टनवाल्यांना अक्रोनिसचं मिळतंय, क्लोनझिला सगळ्यांना फुकट पण थोडं किचकट. अर्धा-पाऊण तास लागतो, पावसाळ्यात लाइटीचा भरवसा नाही म्हणून बॅटरी पूर्ण भरून बसा. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा फक्त नवीन ड्राइव्ह लावून चालू करा, दोन्ही एकदम नको, विंडोज गोंधळतंय. कधीकधी नवीन ड्राइव्हवर जास्तीची जागा काळी, रिकामी राहती आणि सी वाढत नाही, कारण मधे रिकव्हरीचं छोटं पार्टिशन येऊन बसतंय. ते क्लोनच्या सॉफ्टवेअरमध्येच साइझ ओढून आधी ठरवता येतंय.

मला स्वतःला कोरं इन्स्टॉल आवडतंय, दोन वर्षांचा कचरा जातो. दुसऱ्या कॉम्प्युटरवर किंवा त्याच लॅपटॉपवर आधीच, ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मीडिया क्रिएशन टूलनं विंडोज ११ करून ठेवा, आणि त्याच पेनड्राइव्हवर वायफायचा ड्रायव्हर पण टाका, नायतर सेटअप नेट मागत बसतो आणि नेट लागत नाही. विंडोजच्या लायसनची काळजी नको, ते मदरबोर्डला जोडलेलं असतंय, नेटला लागलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतंय.

इंटेलच्या ११ व्या जनरेशनपासनं पुढच्या लॅपटॉपमध्ये एक अडचण ठरलेली, सेटअपमध्ये ड्राइव्हच दिसत नाही. ड्राइव्ह खराब नाही, व्हीएमडी (ड्राइव्ह सांभाळायचं इंटेलचं सेटिंग) चालू असतंय. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरनं इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, फोल्डर उघडून पेनड्राइव्हवर ठेवा आणि सेटअपमध्ये लोड ड्रायव्हर दाबून दाखवा, लगेच दिसती. काहीजण बायोसमधनं व्हीएमडी बंद करतात, कोऱ्या इन्स्टॉलला चालतंय, पण चालू असलेल्या विंडोजवर ते बंद केलं तर विंडोज सुरूच होत नाही.

नंतरचं थोडं

क्रिस्टलडिस्कइन्फो परत उघडा, हेल्थ १००, ट्रान्सफर मोड अपेक्षेप्रमाणं, पॉवर ऑन अवर्स दोन-चार. तिथं शेकडो तास दिसले तर वापरलेली ड्राइव्ह नवी म्हणून दिलीय, त्याच दिवशी परत करा. टेंपरेचर अर्धा तास गेम खेळून बघा. बऱ्याच ड्राइव्हची मर्यादा कंपनी ७० अंश लिहिती, ५०-६० मध्ये असेल तर निवांत राहा, ७० च्या वर जात असेल तर थर्मल पॅड टेकतोय का बघा, पंख्यातली धूळ काढा, आणि एप्रिल-मे मध्ये गादीवर ठेवून खेळणं बंद करा, खालची जाळी झाकली की आत भट्टी होती.

डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे परत जुळवणं) करू नका. विंडोजचं ऑप्टिमाइझ ड्राइव्हज आठवड्याला स्वतः ट्रिम (पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी करायचं काम) चालवतंय, तेवढं चालू आहे का बघायचं. आणि ड्राइव्ह गच्च भरू नका, दहा-पंधरा टक्के मोकळी सोडा, नायतर लिहिण्याचा स्पीड पडतो.

राहिली जुनी ड्राइव्ह. एका स्लॉटवाल्यांनी ती विकायची घाई करू नका, नवीनवर सगळं नीट चालतंय हे महिनाभर बघा आणि मग ती त्याच एन्क्लोजरमध्ये घालून बॅकअपला वापरा, पण लॅपटॉपच्या शेजारी ठेवू नका. २०१९ च्या महापुरात शाहूपुरीतल्या माझ्या एका मित्राच्या घरात पाणी शिरलं, कॉम्प्युटर आणि बॅकअपची हार्ड डिस्क एकाच टेबलात, खालच्या खणात, लग्नाचे फोटो दोन्हीकडचे गेले. माझी जुनी ५१२ ची ड्राइव्ह आता मावशीकडं वरच्या फळीवर असती. एसएसडी वर्षानुवर्षं करंटशिवाय पडली तर आतला डेटा हळूहळू उडू शकतो, म्हणून दर दोन महिन्यांनी मावशीकडं जेवायला गेलो की ती लॅपटॉपला लावतो, नवीन फोटो टाकतो आणि जेवण होईपर्यंत तशीच लावून ठेवतो.